स्वतःच्या फोनवरचे खाते की कार्यालयाचे खाते: लहान नगरपंचायतीने एआय सहायक कसा आणावा?

कोकण किनाऱ्यावरील आमच्या लहानशा नगरपंचायतीत एआय सहायक वापरावा की नाही, हा प्रश्न बैठकीत येण्याआधीच निकालात निघालेला होता. वर्षानुवर्षे दोन ओळींत टिप्पणी संपवणारे एक लिपिक एकाएकी "या पार्श्वभूमीवर" आणि "सर्वांगीण विचार करता" अशी वळणे घेऊ लागले, तेव्हाच सहायक कार्यालयात आलेला आहे, फक्त त्याची आवक नोंद झालेली नाही, हे लक्षात आले. त्यामुळे निवड करायची राहिली होती ती एवढीच की, कर्मचाऱ्यांनी आपापल्या फोनवरील मोफत खाती काही नियम पाळून वापरावीत, की कार्यालयाने स्वतःच्या नावाने सशुल्क खाती घ्यावीत. आम्ही सुमारे वर्षभर पहिली पद्धत चालवली आणि त्यानंतर दुसरीकडे वळलो. ज्यांना हाच निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव मांडत आहे.

तिसरा पर्यायही आहे, तो थोडक्यात आटोपतो. खुले प्रारूप (कोणालाही उतरवून घेता येणारे एआय मॉडेल) कार्यालयातील संगणकावरच बसवले, तर माहिती इमारतीबाहेर जात नाही, ही गोष्ट ऐकायला फार चांगली वाटते. आमच्याकडील साध्या संगणकावर जे लहान प्रारूप चालू शकले, त्याची मराठी मात्र हिंदीकडे झुकणारी होती. नोटिशीच्या मसुद्यात "ध्यान द्यावे" असे लिहून आले. पावसाळ्यात इंटरनेट गेले तरी ते चालेल, असा युक्तिवाद आमच्यापैकी एकाने केला, पण आमच्याकडे नेट जाते तेव्हा बहुधा वीज आधीच गेलेली असते. चांगला संगणक आणि तो सांभाळणारा माणूस ज्यांच्याकडे आहे, त्यांनी या पर्यायाचा जरूर विचार करावा. सिंधुदुर्गात २०२५ मध्ये राज्य शासनाच्या 'मार्व्हल' या कंपनीच्या मदतीने जिल्हा प्रशासनाने एआयचा वापर सुरू केला. तसे काही आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत लहान कार्यालयांपुढे मुख्यतः वरचे दोनच पर्याय राहतात.

फोनवरील मोफत खात्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. खर्च नाही, निविदा नाही, प्रशिक्षणाची फारशी गरज नाही. ज्याला येते तो दुसऱ्याला जेवणाच्या सुट्टीत दाखवतो. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त नीट करणे, लांबलचक परिपत्रकाचा गोषवारा काढणे, इंग्रजी पत्राचे मराठी उत्तर तयार करणे, या कामांत मोफत आणि सशुल्क यांतला फरक मला तरी फारसा जाणवला नाही. युनिकोडपूर्व फाँटात टंकलेले जुने ठराव दोघांनाही सारखेच वाचता येत नाहीत.

चुकांच्या बाबतीतही दोन्ही पर्याय एकाच माळेचे मणी आहेत. एकदा पाणीपट्टीच्या सवलतीसंबंधी टिप्पणीत सहायकाने शासन निर्णयाचा संगणक सांकेतांक, म्हणजे निर्णयाचा अठरा अंकी ओळख क्रमांक, दिला. अंक मोजून अठराच होते, मात्र पहिल्या आठ अंकांत जो दिनांक असतो, त्यात महिना १३ आला होता. आमच्या कार्यालय अधीक्षकांच्या नजरेतून तो सुटला नाही, हे आमचे नशीब. महिना ०३ असता तर ती टिप्पणी पुढे गेली असती. दुसऱ्या एका ठरावात "पाखाडी" या शब्दाच्या जागी त्याने "पदपथ" घातला. डोंगरउतारावरील पायऱ्यांची वाट आणि रस्त्याकडेचा पदपथ यांची अंदाजपत्रके वेगळी असतात, हे त्याला कुठून कळणार? म्हणून सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर उघडून पाहिल्याशिवाय नस्ती (फाइल) पुढे सरकू नये आणि स्थानिक शब्द बदलू नयेत, हे दोन नियम खाते कोणाचेही असले तरी लागतातच.

कार्यालयाचे नाव लागले म्हणून उत्तर खरे ठरत नाही, याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्क शहराचे आहे. तेथील प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यावसायिकांसाठी अधिकृत चॅटबॉट सुरू केला आणि मार्च २०२४ मध्ये पत्रकारांनी दाखवून दिले की, मालकाने कर्मचाऱ्यांच्या टिपमधून वाटा घेतला तर चालतो, अशी कायद्याच्या थेट विरुद्ध उत्तरे तो देत होता. नागरिकांसमोर सहायक बसवण्याचा मोह आम्ही यामुळे टाळला. तो टेबलाच्या आतल्या बाजूलाच राहावा, असे माझे मत आहे.

मग आम्ही फोनवरून कार्यालयीन खात्याकडे का वळलो? माहिती फुटल्याची कोणतीही मोठी घटना आमच्याकडे घडली नाही. कारण अगदी साधे होते: लिपिकाची बदली झाली.

कर विभागातील ते लिपिक दुसऱ्या तालुक्यात रुजू झाल्यानंतर दोन महिन्यांनी माहिती अधिकारात एक अर्ज आला. थकबाकीदारांना पाठवलेल्या एका नोटिशीचा मसुदा कोणी आणि कोणत्या माहितीच्या आधारे केला, असा त्यात प्रश्न होता. नस्तीत फक्त अंतिम प्रत होती. मसुदे त्या लिपिकांच्या वैयक्तिक मेलवर उघडलेल्या खात्यात होते, आणि ते खाते त्यांच्या खिशातून दुसऱ्या तालुक्यात गेले होते. मी फोन केला; माणूस भला, रविवारी मुद्दाम आले आणि फोन माझ्या हातात दिला. मी बोट फिरवत गेलो. मुलीचा "माझा आवडता सण" हा निबंध, त्याखाली सुरमईच्या तिखल्याची कृती, त्याखाली आमच्या प्रभागातील थकबाकीदारांची नावे, घर क्रमांक आणि मोबाइल क्रमांक यांची अख्खी यादी, आणि त्याखाली पुन्हा कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. सहायकात नागरिकांची नावे टाकायची नाहीत हा आमचा नियम त्यांना ठाऊक होता. ३१ मार्चच्या घाईत तो मागे पडला, इतकेच.

त्यांनी अगदी भाबडेपणाने विचारले, "साहेब, पुसून टाकू काय?"

मला उत्तर देता येईना. पुसावे, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू असलेल्या कार्यालयाच्या कामाचा मागमूस जातो, आणि माहिती अधिकाराचा अर्ज प्रलंबित असताना तर ते अजिबात करता येत नाही. ठेवावे, तर नागरिकांची माहिती एका खासगी फोनवर पडून राहते, आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आल्यानंतर त्याकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही. शिवाय फोन त्यांचा, खाते त्यांचे; मी आदेश देणार कशाच्या अधिकारात? शेवटी त्यांच्या संमतीने संबंधित भागाच्या प्रती काढून नस्तीला लावल्या, अर्जाचा निपटारा होईपर्यंत थांबलो आणि मग त्यांनी ते संवाद काढून टाकले. पाच पानांसाठी तीन रविवार गेले.

सशुल्क कार्यालयीन खात्याचे जे मोठे गुण सांगितले जातात, त्यांत बहुतेक प्रमुख कंपन्या अशा खात्यांतील मजकूर आपल्या एआयच्या प्रशिक्षणासाठी मुळातच वापरत नाहीत, हा पहिला असतो. मोफत खात्यात ती परवानगी अनेकदा आपणच सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते. हा फरक महत्त्वाचा आहे, हे मान्य. पण माझ्या लेखी पारडे झुकवणारी गोष्ट ती नव्हती. खाते पदाच्या नावाने काढता येते, बदली झाली की नव्या माणसाकडे सोपवता येते आणि मागचे संवाद कार्यालयाकडेच राहतात, हे मला अधिक मोलाचे वाटले. आम्ही सर्वांसाठी खाती घेतली नाहीत. कर, बांधकाम, आस्थापना, लेखा आणि सभा यांसाठी प्रत्येकी एक, अशी पाचच घेतली. एकच परवलीचा शब्द चौघांनी वापरण्याची सवय मात्र लागू देऊ नये; मग कोणी काय लिहिले हे कळत नाही आणि खाते कार्यालयाचे असण्याला अर्थ उरत नाही.

या पर्यायात खोट नाही असे मुळीच नाही. लेखा परीक्षणात या खर्चाचे लेखाशीर्ष विचारले जाते. कार्यालयाचे खाते आहे म्हणजे काहीही टाकले तरी चालते, असा एक नवा गैरसमज पसरतो, आणि आधार क्रमांक, जन्म-मृत्यूच्या नोंदी व तक्रारदारांची नावे येथेही टाकायची नाहीत, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. फोनवरचा वापरही पूर्ण थांबत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन उपकरणांवर अशी साधने वापरू नयेत असे कळवले होते. मंत्रालयाला ते जमत असेल, पण आमच्यासारख्या ठिकाणी नुसती मनाई केली की वापर टेबलावरून खिशात जातो, असा माझा अनुभव आहे. हाताशी अधिकृत खाते असले की खिशातला फोन कमी वेळा बाहेर येतो, इतपतच दावा मी करीन.

एखाद्या ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि एक शिपाई एवढाच कारभार असेल, तर सशुल्क खात्यासाठी अडून बसण्याची गरज मला दिसत नाही. फोन चालेल. फक्त खाते घरच्या मेलऐवजी ग्रामपंचायतीच्या मेलवर उघडावे आणि अंतिम मसुद्याबरोबर सहायकाला विचारलेला प्रश्नही छापून नस्तीला लावावा. नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल, जेथे संवर्गातील माणसे दर काही वर्षांनी बदलतात, तेथे मी दुसरा पर्याय सुचवीन.

आमच्या कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि पावती पुस्तके यांच्याखाली आता एक नवा अनुक्रमांक आहे: "एआय सहायक खाते, कर विभाग, चालू स्थितीत." देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही सही त्यापुढे होते.