मुळे नसलेले फिडल लीफ फिग

पुण्यात घरपोच रोपे पोहोचवणाऱ्या एका विक्रेत्याने साडेचार हजार रुपये घेऊन मला ‘पाच फुटी, कुंडीत मुरलेले फिडल लीफ फिग’ म्हणून जे दिले, ती प्रत्यक्षात मोठ्या झाडाची छाटलेली फांदी होती. ती कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, खोचून बांबूच्या काठीला हिरव्या पट्टीने घट्ट बांधली होती आणि पानांना तेलकट चकाकी दिली होती.

घरात शोभेसाठी ठेवले जाणारे, मोठ्या पानांचे हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतील सखल वर्षावनांचे, म्हणजे सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या पट्ट्यातले, आणि आपल्या वड-पिंपळ-उंबरांचे सगोत्र. त्याची पाने इतकी जाड व चिवट असतात की फांदी तोडल्यावरही काही दिवस ती टवटवीत दिसतात, आणि तेवढ्या अवधीत पैसे चुकते झालेले असतात. शिवाय जागा बदलली की पाने गाळणारे, पाणी जास्त झाले की मुळे कुजणारे, अशी त्याची ख्याती आहे. ती खोटी नाही. पण याच ख्यातीच्या आडोशाने झाड मेल्याचा दोष दर वेळी गिऱ्हाईकावर ढकलता येतो.

माझ्याकडेही तेच घडले. कुंडी पूर्वेच्या खिडकीपाशी, थेट उन्हापासून दूर होती, तरी पाने माना टाकू लागली आणि कोकोपीट मात्र ओलेच राहिले. विक्रेता आधी म्हणाला, ‘‘तुम्ही पाणी जास्त घालताय,’’ मग म्हणाला, ‘‘आता कमी पडतंय,’’ आणि शेवटी त्याने लेबल नसलेली ‘टॉनिक’ची बाटली वेगळे पैसे घेऊन पाठवली. अखेर काठी सोडून खोड हलकेच ओढले, तर ते अलगद हातात आले. तळाशी कात्रीचा तिरका काप होता, साल काळी पडून बुळबुळीत झाली होती, आणि मुळाचा एक तंतूही नव्हता. छायाचित्र पाठवल्यावर उत्तर आले, ‘‘मुळे कुजून गेली.’’ कुजलेली मुळे कुंडीत तपकिरी दोऱ्यांसारखी सापडतात आणि त्यांना आंबूस वास येतो. माझ्या कुंडीतले कोकोपीट अगदी स्वच्छ होते.

छाटकलमाला माझा आक्षेप नाही. छोटी, मोजक्या पानांची फांदी दमट हवेत मुळे धरते, आणि मोठ्या फांदीला झाडावर असतानाच गुटी बांधली, म्हणजे थोडी साल काढून तिथे ओले शेवाळ गुंडाळले, तर मुळे फुटल्यावरच ती तोडतात. पण सगळ्या पानांसह तोडलेली पाच फुटी फांदी जगण्याची आशा नसतेच. म्हणून पैसे देण्यापूर्वी काठीची पट्टी सोडायला सांगावी आणि खोड बुंध्याशी धरून हलवून पाहावे. रुजलेल्या झाडाबरोबर मातीचा सगळा गोळा हलतो, नुसत्या खोचलेल्या फांदीभोवती फट पडते. कुंडीच्या तळाच्या छिद्रातून मुळे दिसतात का, तेही पाहावे. पानावरून पांढरे फडके फिरवले की तेल लगेच कळते. विक्रेता या तपासणीला नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

बाटलीतल्या पाण्यात मुळे फुटलेले एकच पान ‘बाळरोप’ म्हणून विकतात, तो याच धंद्याचा स्वस्त प्रकार. देठाला मुळे येतात हे खरे, पण पेराचा डोळा, म्हणजे खोडावरचा अंकुर, सोबत नसेल तर त्यातून खोड कधीच फुटत नाही.

मला पावती दिली गेली नव्हती. त्यामुळे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवताना यूपीआयची नोंद, ‘मुरलेले झाड’ असे लिहिलेला त्याचा संदेश आणि तिरक्या कापाचे छायाचित्र हाताशी ठेवले. टॉनिकचे पैसे परत आले आहेत. झाडाचे अजून आलेले नाहीत.