ब्रेक चीं चीं करतोय: साफ करून भागेल की पॅडच बदलायचे?

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीचा पुढचा उजवा ब्रेक ओरडायला लागला. सर्व्हिस सेंटरने डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) आणि तिला घासून गाडी थांबवणारे पॅड, दोन्ही बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "काही नाही साहेब, धूळ बसलीय, पॉलिश पेपर मारून देतो." चाक दोघांनीही खोललं नव्हतं. खोललं तेव्हा बाहेरचा पॅड 7 मिमी निघाला आणि आतला जेमतेम 2. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्यावर सरकतो, ती स्लाइड पिन गंजून अडकली होती. कॅलिपर सरकेना, त्यामुळे पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड एकटाच घासत राहिला. म्हणजे डिस्क बदलायची गरज नव्हती आणि नुसता पेपर मारूनही भागलं नसतं. अलॉयच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय.

आता दोन पर्याय: सर्व्हिस किंवा नवे पॅड. आधी आवाज कधी येतो ते बघा. रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखरली आणि गप्प झाली, तर तो डिस्कवरचा गंजाचा पातळ थर. खर्च शून्य. सिग्नलजवळ हळू येताना, हलका ब्रेक दाबल्यावरच चीं होत असेल, तर बहुतेक धूळ, कोरडे पडलेले सांधे किंवा तापून गुळगुळीत झालेला पॅड. इथे सर्व्हिस करून भागतं. ब्रेक न दाबताही चालत्या गाडीत बारीक शिट्टी वाजते आणि दाबला की थांबते, तर मात्र पॅडची सूचक पट्टी डिस्कला टेकलीय असं धरून चाला. पॅड संपत आल्याचं सांगण्यासाठीच ती बसवलेली असते, पण सगळ्या पॅडना नसते. आणि कर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर गाडी उभी करा.

सर्व्हिस स्वस्त पडते, पण ती कशी होते यावर सगळं आहे. पॅड बाहेर काढून, ब्रेक क्लीनरने धुऊन, पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावणं म्हणजे सर्व्हिस. पॅडच्या पाठीला आणि कानांना (दोन्ही टोकांना) उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस, तेही बोटभर नव्हे, नावापुरतं. घासणाऱ्या बाजूला तेल-ग्रीस लागलं की तो पॅड गेलाच. आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर वंगणाचा स्प्रे मारणारे महाभाग मी पाहिलेत. आवाज बंद होतो, ब्रेकही. हवेचा पाइप मारून धूळ उडवू देऊ नका, ती थेट फुप्फुसात जाते. पॅड गुळगुळीत झाला असेल तर पॉलिश पेपरने वरचा थर काढतात, पण खंबाटकी किंवा कुंभार्ली घाट उतरताना पाय ब्रेकवरच ठेवायची सवय असेल, तर आवाज परत येणार. गिअर खाली टाका.

नव्या पॅडचं मटेरियल साधारण 10 ते 12 मिमी असतं, 3 वर आलं की बदलायचं. 5-6 उरलं असेल तर मी सर्व्हिसच करून घेईन. 4 उरलंय आणि पुढच्या आठवड्यात कोकणात जायचंय, तर बदलून टाकेन. दोन्ही चाकांचे एकदमच, एका बाजूचे नाही. शहरातल्या वापराला कंपनीने दिलेल्या प्रकारचेच पॅड बरे. सेमी-मेटॅलिक ताप चांगला सोसतात पण आवाज जास्त करतात; सिरॅमिक शांत आणि धूळ कमी, पण महाग. पॅडसोबत क्लिपा आणि मागच्या, आवाज दाबणाऱ्या शिम पट्ट्या बसवल्या का, ते विचारा. त्या जुन्या फेकून नव्या लावल्याच नाहीत, तर नवा पॅडही ओरडतो.

डिस्क बदलायचं एवढ्यात सुचवलं तर कारण मागा. पेडलला थरथर, नख अडकेल इतक्या खाचा, किंवा डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली माप गेलेलं, यातलं काहीतरी हवं. लेथवर टर्निंग, म्हणजे डिस्क घासून सपाट करणं, तेव्हाच, जेव्हा त्यानंतरही ते माप शिल्लक राहतं.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर तिथला आवाज बहुतेक आत साठलेल्या भुकटीचा असतो. ड्रम उघडून साफ केला की बऱ्याचदा मिटतं, लायनर (ड्रमच्या आत घासणारे) तेवढे बघून घ्या.

कुठे करायचं? जो काढलेले पॅड हातात देऊन माप दाखवेल त्याच्याकडे, मग बोर्ड कुणाचाही असो. पॅड नवे टाकलेत तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, त्या काळात थोडा आवाज आला तरी लगेच गाडी परत नेऊ नका. आणि गॅरेजमधून निघण्याआधी, गाडी उभी असतानाच पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करून घ्या. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबात पाय सरळ तळाला जातो.