फ्लॅटमधली घरघंटी: कुणी घ्यावी, कशी चालवावी

एक हॉर्सपॉवरची, कपाटासारखी दिसणारी घरघंटी, म्हणजे घरच्या घरी पीठ दळायचं यंत्र. नाव घंटीचं (गुजरातीत घंटी म्हणजे जातं) असलं तरी गिरणीसारखे दोन दगड हिच्यात नसतात. लोखंडी पाती मिनिटाला 2800 च्या आसपास फेरे घेत दाणा फोडतात आणि जाळीतून जेवढं बारीक पडेल तेवढंच खालच्या डब्यात जमा होतं. त्यामुळे हिचा सगळा जीव जाळीत आहे. यंत्राबरोबर पाच-सहा जाळ्या येतात. पोळीच्या कणकेला, बेसनाला, इडलीच्या रव्याला वेगवेगळी जाळी लागते. एकच बसवून सगळं दळलं तर नाराजी ठरलेली.

घ्यायचीच तर ज्वारी-बाजरीसाठी घ्या. गव्हाचं पीठ पंधरा दिवस राहिलं तरी पोळीला फारसं कळत नाही. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, जाते. मग भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि उचलून तव्यावर टाकताना ती मोडते. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचं पीठ आठवडाभरात कडसर लागायला लागतं. घरघंटीत किलोभर ज्वारी दहा-पंधरा मिनिटांत निघते, लागेल तेवढीच दळता येते. शिवाय गिरणीत आपलं दळण कुणाच्या तरी गव्हावर पडतं. ज्यांना गहू अजिबात चालत नाही किंवा ज्यांना उपवासाची भाजणी करायची असते, त्यांच्यासाठी एवढ्या एका कारणाने यंत्राचे पैसे वसूल आहेत. मात्र गहू अजिबात चालत नसेल तर घरीही त्या यंत्रात गहू दळू नका, नुसतं झाडून त्याचा अंश पूर्ण जात नाही. उपवासाच्या भाजणीआधी जाळी आणि आतला भाग नीट झाडून घ्यायला हवा.

चालवताना क्रम महत्त्वाचा. आधी मोटर सुरू करायची, तिने पूर्ण वेग घेतला की मगच धान्याची झडप उघडायची. झडप उघडी ठेवून बटण दाबलं तर पाती धान्यात रुततात, मोटर नुसती घुमते आणि ओव्हरलोडचं बटण उडतं. बंद करतानाही वरचं धान्य संपल्यावर दोन मिनिटं रिकामी चालू द्यावी. धान्य नसतानाही मोटर नुसतीच घुमत असेल, फिरत नसेल, तर बहुतेक वेळा मोटरला फिरायला जोर देणारा कपॅसिटर हा छोटा भाग गेलेला असतो. लगेच नवी मोटर घेऊ नका.

सगळ्यात जास्त तक्रारी ओल्या धान्याच्या. मोदकाच्या पिठीसाठी धुतलेले तांदूळ वरून कोरडे वाटतात, आत ओल असते. दाणा दाताखाली कट्कन तुटला तरच दळायला घ्या. नाहीतर जाळी लिंपते, पीठ गरम पडतं आणि दळण रेंगाळतं. अशी जाळी काढून ट्यूबलाइटसमोर धरली की बंद झालेली भोकं स्पष्ट दिसतात. ती कोरड्या ब्रशने मोकळी करा, सुई घालू नका, भोक मोठं होतं. थालीपिठाची भाजणी पूर्ण गार झाल्यावरच घाला. तीळ, शेंगदाणे यात नकोतच, त्यांच्या तेलाने जाळीवर लगदा बसतो.

आता शेजाऱ्यांचं. आवाज मिक्सरइतकाच, पण मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि चार किलो गहू पाऊण तास घेतात. धडधड स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जाते. यंत्र समपातळीत, जाड रबरी मॅटवर आणि शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. दुपारी एक ते चार आणि रात्री नऊनंतर दळू नये. प्लग 16 अँपिअरचाच हवा, एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नये. वीज तासाला साधारण एक युनिट.

कापडी फिल्टर दर दळणानंतर झटकायलाच हवा. तो भरला की दाराच्या फटीतून पीठ उडतं आणि ओट्यावर पांढरा थर बसतो. पावसाळ्यात कोपऱ्यात राहिलेल्या चमचाभर पिठात आठ-दहा दिवसांत किडे दिसतात. ज्यांना ही झाडलोट जमणार नाही त्यांनी घेऊ नये.

दोघांच्या घरात, फक्त पोळ्या होत असतील तर गल्लीतली गिरणीच बरी. चांगली टाकी दिलेल्या, म्हणजे छिन्नीने टोचून खरखरीत केलेल्या, दगडावरची कणीक मऊ पडते. चार-पाच माणसं आणि रोज भाकरी असेल तर जरूर घ्या. मिरची-हळद मात्र डंखावरच, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, न्या. एकदा तिखट आत गेलं की फिल्टरच्या कापडातून त्याचा तिखट वास पुढची कित्येक दळणं जात नाही.