घरभर दिव्यांची आखणी करून काही महिने राहिल्यावर: कोणती बटणं दाबली जातात, कोणती नाही

वायरिंग नव्याने करायचं होतं, म्हणून भिंती फोडायच्या आधीच दिव्यांचा आराखडा काढला होता. कुठे डाउनलाइट (छतात बसवलेला, खाली उजेड टाकणारा दिवा), कुठे भिंतीवरचा दिवा, कुठलं बटण कुठल्या बोर्डावर, सगळं कागदावर. घर नवं असतं तेव्हा सगळेच दिवे आवडतात. पण काही महिने राहिलं की हात आपोआप ठरावीक बटणांकडेच जातो, बाकीची तशीच पडून राहतात. हा अनुभव त्या हिशेबाने लिहितोय.

सगळ्यात जास्त कामी आलेला दिवा ओट्यावरचा. छताचा दिवा कितीही मोठा असला तरी तो आपल्या पाठीमागे येतो आणि चिरताना नेमकी आपलीच सावली हातावर पडते. म्हणून वरच्या कपाटांच्या तळाला एलईडी पट्टी घेतली. ती भिंतीला खेटून न लावता कपाटाच्या पुढच्या कडेला लावायला सांगितली, आणि वायरमनने दोनदा विचारलं, नक्की ना? नक्कीच. मागे लावली की टाइल्स उजळतात, ओटा नाही. पट्टी ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये बसवून वर दुधी कव्हर घातलंय, नाहीतर गुळगुळीत ओट्यावर एकेका एलईडीचा ठिपका दिसत राहतो. अजून एक: लांबी जास्त असेल तर १२ व्होल्टची नको, २४ व्होल्टची पट्टी घ्या. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, त्यामुळे शेवटच्या टोकाला उजेड फारसा मंदावत नाही.

हॉलमधले डाउनलाइट एकाच बटणावर दिले असते तर आम्ही ते क्वचितच लावले असते. आता भिंतीलगतची रांग वेगळ्या बटणावर आहे, मधले वेगळ्या, कोपऱ्यातला उभा दिवा तिसऱ्यावर. संध्याकाळी फक्त भिंतीलगतची रांग लागते. भिंत उजळली की खोली मोठी वाटते आणि डोळ्यांवर काही येत नाही. मधले दिवे पाहुणे आले किंवा काही हरवलं तरच. माझं मत आता पक्कं झालंय: दिवे दोन कमी घेतले तरी चालतील, बटणं कमी करू नका.

किती उजेड हवा याचं गणित सोपं आहे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे त्यातला एका चौरस मीटरवर पडणारा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले हवे तेवढे लक्स. १५ चौरस मीटरच्या बैठकीला १५० लक्स धरले तर २२५० ल्युमेन. पण फिटिंग आणि भिंती काही उजेड खातात, त्यामुळे प्रत्यक्षात दीडपट तरी धरायचं. ओट्यावर आणि वाचायच्या जागी ३०० ते ५०० लक्स हवेत, पण तेवढ्याच जागेवर, सगळ्या खोलीत नाही. खोक्यावर वॅट बघू नका, ल्युमेन बघा. सारख्याच वॅटच्या दोन दिव्यांत बराच फरक निघतो.

उजेडाच्या रंगावरून घरात मतभेद झाले. तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर. हॉल आणि बेडरूमला ३००० केल्विन, स्वयंपाकघराला ४००० ठेवलं. आईचं म्हणणं, ‘हे पिवळं पिवळं काय, अंधारल्यासारखं वाटतं, पांढरा लाव.’ तिचं काही चुकत नव्हतं. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली आकसते, भिंग पिवळसर होतं आणि आत पोचणारा उजेड बराच कमी होतो. पण त्यावर उपाय पांढरा रंग नव्हता, जास्त उजेड होता, तोही जवळून. तिच्या खुर्चीशेजारी लवचिक मानेचा टेबल लॅम्प आणून ठेवला. ती सुईत दोरा ओवते तेव्हा दिव्याची मान खाली ओढते. अंतर निम्मं केलं की छोट्या दिव्याचा उजेड साधारण चौपट पडतो. आता रंगाची तक्रार नाही. उलट रात्री कोणी चुकून स्वयंपाकघराचा दिवा चालू ठेवला तर ‘तो पांढराफटक बंद कर’ हे तीच म्हणते. तसंही दोन रंग एका नजरेच्या टप्प्यात आले की खटकतात. स्वयंपाकघर उघडं असेल तर दोन्हीकडे एकच रंग घ्या.

कपड्यांच्या कपाटात ९० च्या वर सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) दिवा लावलाय. गडद निळा आणि काळा वेगळे ओळखू येतात, हे रोज सकाळी उपयोगी पडतं. बाथरूममध्ये आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर दिवे आहेत. फक्त वर दिवा असला की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि प्रत्येकजण आजारी दिसतो.

बेडरूममध्ये पलंगावर एकही डाउनलाइट घेतला नाही. पाठीवर झोपल्यावर तो थेट डोळ्यांत येतो. आणि पंख्याच्या पात्यांच्या वर तर चुकूनही नको, पाती फिरताना उजेड सतत लुकलुकतो. पलंगाशी टू-वे स्विच घेतलंय, दाराशी चालू केलेला दिवा आडवं होऊन बंद करता येतो. आराखड्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वापरलेला पॉइंट.

पॅसेजमध्ये घोट्याच्या उंचीवर सेन्सरचा छोटा दिवा आहे. रात्री उठल्यावर हाच पुरतो. हा सेन्सर आडव्या हालचालीला पटकन जागा होतो, समोरून सरळ चालत आलं तर उशिरा. म्हणून दाराच्या समोर नाही, बाजूच्या भिंतीवर बसवला.

आता तक्रारी. एका डिमरने, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या बटणाने, डोकं खाल्लं. उजेड कमी केला की दिवा बारीक फडफडायचा आणि डिमर गुणगुणायचा. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांचं उत्तर होतं, दिवा बदला. दिवा ‘डिमेबल’ लिहिलेलाच होता. अडचण जोडीची होती. एलईडीसाठीचा ट्रेलिंग एज डिमर लावल्यावर दोन्ही थांबलं. विकत घेताना दिवा आणि डिमर एकत्र लावून, अगदी खालपर्यंत नेऊन बघा.

कोव्ह लाइट (छताच्या कडेच्या खाचेत लपवलेला दिवा) सुरुवातीला रोज लागायचा, आता महिन्याकाठी एखाद्या वेळी. त्या खाचेत धूळ आणि मेलेले किडे साचतात आणि दिवा लावला की तेच उजळून दिसतात. रंग बदलणाऱ्या पट्टीबद्दल काही लिहावं एवढी ती वापरलीच नाही. ॲपवर चालणारे बल्बही बाद. कोणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतं आणि बल्ब मरून पडतो. ती सोय हवीच असेल तर स्मार्ट स्विच बोर्डात बसवा, पण बऱ्याच स्विचना न्यूट्रलची वायर लागते, ती वायरिंग चालू असतानाच प्रत्येक बोर्डात ओढून घ्या.

एका डाउनलाइटचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा छोटा डबा, गेला. एलईडी सहसा टिकते, छताच्या वरच्या उष्णतेत आधी जातो तो ड्रायव्हर. डाउनलाइटच्या भोकातून हात घालून बदलता आला, दहा मिनिटांचं काम. पट्टीचे ड्रायव्हर मात्र कपाटाच्या वर, हाताला लागतील असे ठेवलेत. हॉलच्या डाउनलाइटचे दोन जादा नगही खरेदीच्या वेळीच घेऊन ठेवले होते, कारण पुढच्या मालात ३००० केल्विनची छटा जराशी वेगळी निघू शकते आणि एकाच रांगेत ती लगेच दिसते.