बांधावर मानवेल लावू की कटांग?

बांधावर बांबू लावायचं ठरलं की यावल-रावेरकडे पहिला प्रश्न बांबूच्या जातीचा येतो: मानवेल की कटांग? मी म्हणतो, आधी काठी कोणत्या वयाची कापणार ते ठरवा. एकाच बेटातला बांबू दोन-तीन आठवड्यांचा असतो तोवर भाजी, वर्ष-दीड वर्षाचा झाला की बुरुडाचा माल आणि तीन वर्षं भरली की केळीचा टेकू.

टेकूला मानवेलच. काटा नाही, कोरड्या जमिनीत बुंधा जवळजवळ भरीव. पारा 45 वर गेला तरी पानं गाळून तग धरतो आणि पावसाला परत फुटतो. घड निसवला की वीस-पंचवीस किलोचं वजन एका अंगाला येतं, वर मे-जूनची वादळं. हल्ली प्लास्टिकच्या पट्टीनं झाडं एकमेकांना बांधतात. स्वस्त पडतं, पण एक झाड कललं की शेजारच्यालाही ओढतं. वाऱ्याच्या बाजूच्या ओळींना मी अजून काठीच लावतो.

काठी विकत घेताना मात्र ती कधी तोडली ते विचारा. मी एकदा ऐन उन्हाळ्यात तोडलेल्या काठ्या स्वस्त मिळाल्या म्हणून घेतल्या. दोन महिन्यांत खाली पिवळं पीठ सांडायला लागलं. भुंगा! नवे कोंब फुटायच्या आधी काठीत पिष्ट साठलेलं असतं, त्याला तेच हवं असतं. दसरा ते संक्रांत या काळात तोडावी, दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावी.

कटांग उंच, जाड, पण काटेरी आणि ओलाव्याचा भुकेला. नाल्याकाठी झकास येतो, कुंपण म्हणून तर त्याला तोड नाही. पण चार-पाच वर्षांत बेटाची अशी जाळी होते की आत कोयता जात नाही, तोडणीची मजुरी काठीच्या किमतीला भिडते. नुसती काठी विकायची असेल तर नाल्यापुरताच ठेवा.

बुरुडाला जातीपेक्षा हिरवेपणा महत्त्वाचा. आमच्याकडे येणाऱ्या काकू आधी पेर मोजतात, मग नख लावून बघतात. लांब पेराची, ओली काठी कोयत्यानं टोकाशी चिरली की चीर सरळ खाली धावते. त्या कामट्यांची सुपं, टोपल्या, डालकी होतात. वाळलेली, भरीव काठी त्या हातातही धरत नाहीत. सातपुड्यातले भिल्ल तर धनुष्यच नाही, त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिरफळीची करतात.

खायचं म्हणाल तर दोन्हींचे कोंब, म्हणजे वास्ते, चालतात. कटांगाचे कोंब कर्नाटकातल्या कोडगूत आवडीनं खातात. पण कच्चे खाऊ नका, त्यात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. चकत्या करून उकळायच्या, पाणी फेकायचं, कडूपणा जाईपर्यंत पुन्हा उकळायच्या. आसामात कोंब आंबवून खोरिसा करतात, मणिपुरात सोइबम, जपानात रामेनवर, म्हणजे नूडल्सच्या सूपवर, घालायचं मेन्मा. मुख्य पीक कोंबांचंच घ्यायचं असेल तर या दोघांपेक्षा जाड कोंबांचा बाल्कोवा बरा, पण त्याला पाणी लागतं. शिवाय खाल्लेला प्रत्येक कोंब म्हणजे एक काठी कमी, म्हणून पहिली तीन-चार वर्षं मोह आवरा.

रोपवाटिकेत एक प्रश्न नक्की विचारा: रोप कशापासून केलंय? मानवेल आणि कटांग दोन्ही कित्येक दशकांनी एकदम फुलतात, बी धरतात आणि बेटच वाळून जातं. कटांगाला साधारण 40 ते 45 वर्षं लागतात. जुन्या बेटाच्या कंदापासून केलेलं रोप जुन्याच घड्याळावर चालतं, ताज्या बियांच्या रोपाला पूर्ण आयुष्य मिळतं. वाहतूक परवान्याची धास्ती मात्र सोडा. जंगलाबाहेरचा बांबू 2017 च्या दुरुस्तीनं वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून निघाला आहे.

मी स्वतः बांधावर 5 मीटरवर एक मानवेल लावलाय, नाल्याच्या वळणावर चार कटांग आणि विहिरीच्या सांडपाण्यावर एक बाल्कोवा, घरच्या भाजीपुरता. त्याचे यंदाचे पहिले दोन कोंब साळिंदरानं नेले.