मेथाडोनची लघवी तपासणी: ८०३०५ की जी०४८०?
मेथाडोन हे ओपिऑइडच्या (अफूसारख्या औषधांच्या) व्यसनावर दिलं जाणारं औषध. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या बिलिंगमध्ये तपासणीचे हे दोन्ही कोड रोजचेच, पण काम वेगळं. ८०३०५ म्हणजे कप किंवा पट्टी, निकाल डोळ्यांनी वाचायचा. एका कपात दहा औषधं तपासली तरी दिवसाला एकच युनिट, म्हणजे एकदाच बिल. जी०४८० म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणाऱ्या) पद्धतीने नेमकी ओळख, एक ते सात औषधवर्गांसाठी.

माझ्या मते आधी कप. निकाल रुग्णाच्या सांगण्याशी जुळला नाही किंवा नमुन्याबद्दल शंका असेल तरच दुसरी, म्हणजे जी०४८०ची तपासणी. तिचं मोल तिथेच कळतं: मेथाडोन भरपूर, पण शरीरात त्यापासून बनणारं ईडीडीपी अजिबात नाही, तर औषध थेट नमुन्यात मिसळल्याचा संशय घ्यावा. साध्या मेथाडोन पट्टीवर हे दिसत नाही.

मात्र ओपिऑइड उपचार केंद्राने जी२०६७ हा साप्ताहिक कोड लावला असेल, तर तपासणी त्यातच धरलेली असते. वेगळं बिल लावूच नका.