पोटासाठी संमोहन: काही महिन्यांच्या नियमित वापरानंतर

आयबीएस (आतड्यात इजा न दिसता पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होत राहण्याचा आजार) आहे, रक्ताचे आणि मलाचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, दुर्बिणीतही काही सापडलं नाही, तरी घराबाहेर पडायचं म्हटलं की पोटात मुरडा येतो. अशांनी हे वाचावं. वापरलं ते असं: पोटाला उद्देशून केलेल्या संमोहनाची ध्वनिमुद्रणं, पहिले तीन महिने रोज एकदा, मग आठवड्यातून दोन-तीनदा, जोडीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडची मोजकी सत्रं. सिगारेट, वजन आणि आत्मविश्वास यांसाठी विकली जाणारी मुद्रणंही त्याच काळात ऐकून पाहिली.

पोटासाठी उपयोग होतो. सावकाश होतो, पण टिकतो. बाकीच्यांबद्दल पुढे.

आधी एक अट. संडासातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी असणं, रात्री झोपेतून उठून संडासला धावावं लागणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू होणं किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यातलं काहीही असेल तर हेडफोन बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरांना भेटा. संमोहनाने वेदना खरोखर कमी होते, म्हणून तर निदानाआधी ते वापरणं धोक्याचं.

ही पद्धत मँचेस्टरची. पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३० रुग्णांवरचा प्रयोग छापला. कुठल्याच औषधाने बरं न वाटलेले हे रुग्ण होते. निम्म्यांना संमोहन, निम्म्यांना समुपदेशन आणि नकली गोळी. संमोहनाच्या गटात फरक ठळक पडला. पुढे त्याच केंद्राने २०० हून अधिक रुग्णांचा पाठपुरावा केला. ७१ टक्क्यांना सुरुवातीला गुण आला होता आणि त्यांतल्या ८१ टक्क्यांचा तो पाच वर्षांपर्यंत टिकून होता. हे आकडे त्या विषयात मुरलेल्या केंद्राचे आहेत, हे विसरू नये. नेदरलँड्समध्ये ३५० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापलेल्या चाचणीत पुरेसा आराम सांगणाऱ्यांचं प्रमाण एकेकट्या सत्रांत सुमारे ४० टक्के, गटसत्रांत सुमारे ३३ टक्के आणि नुसती माहिती दिलेल्यांत सुमारे १७ टक्के होतं. आपली अपेक्षा या दुसऱ्या आकड्यांच्या आसपास ठेवावी.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाची २०१६ ची चाचणी आपल्याला जास्त जवळची वाटेल. ७४ रुग्ण, सहा आठवडे; संमोहन, लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबणाऱ्या काही शर्करा टाळणारा) आणि दोन्ही एकत्र असे तीन गट. तिन्ही गटांत साधारण ७० टक्क्यांना आराम पडला, दोन्ही एकत्र केल्याने जास्तीचं काही मिळालं नाही. ज्यांनी कांदा, लसूण, गहू आणि बऱ्याचशा डाळी बाजूला ठेवून मराठी स्वयंपाकघर सहा आठवडे चालवून पाहिलंय, त्यांना रोजची वीस मिनिटं खुर्चीत बसणं किती स्वस्तातला सौदा आहे ते वेगळं सांगायला नको.

प्रत्येक मुद्रणाचे पाच भाग असतात. पहिला, लक्ष एकवटणं: नजर कपाळाच्या वर एका बिंदूवर, मान न उचलता. डोळे दमले की आपोआप मिटतात. ही युक्ती जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्याच सर्जनची, १८४० च्या दशकातली. तो चकाकती वस्तू डोळ्यांपासून आठ ते पंधरा इंचांवर, कपाळाच्या वरच्या बाजूला धरत असे. दुसरा, खोल जाणं: दहा ते एक उलटे आकडे, प्रत्येक आकडा श्वास सोडताना. तिसरा, पोटासाठीच्या सूचना. चौथा, मनाला बळ देणाऱ्या सर्वसाधारण सूचना. पाचवा, बाहेर येणं: एक ते पाच, आवाज चढता. पहिल्या दोन भागांना मिळून सात-आठ मिनिटं पुरतात. काही मुद्रणांत त्यातच वीस मिनिटं जातात आणि पोटाचा उल्लेख येईपर्यंत माणूस घोरायला लागतो.

खरं काम तिसऱ्या भागात. तळहात पोटावर, त्याची ऊब आत उतरतेय ही जाणीव, आणि नदीचं चित्र. जुलाबाकडे कल असेल तर खळाळती नदी संथ होते. बद्धकोष्ठ असेल तर तुंबलेली नदी मोकळी होऊन वाहू लागते. इथेच तयार मुद्रणांची अडचण होते, कारण बहुतेकांत एकच नदी सगळ्यांना. बद्धकोष्ठ असलेल्याने ‘प्रवाह मंदावतोय’ हे रोज ऐकण्यात काय हशील?

म्हणून सायकॉलॉजिस्टकडून मजकूर तपासून घेऊन मराठीत स्वतःचं मुद्रण करावं. परदेशी उच्चारातलं इंग्रजी समजतं, पण समजून घेण्यात लक्ष खर्च होतं. मिनिटाला ऐंशी-नव्वद शब्द, वाक्य संपलं की एका श्वासाएवढा थांबा, एकूण अठरा ते वीस मिनिटं. नमुना असा:

‘उजवा हात पोटावर ठेव. तळहाताची ऊब कपड्यातून आत झिरपतेय. जिथे आवळल्यासारखं वाटायचं तिथे आता सैल वाटतंय. तुझ्या ओळखीची एखादी नदी बघ. पाणी शांत आहे, आपल्या वेगाने पुढे चाललंय. तुझं पोटही आता तसंच, आपल्या लयीत चाललंय.’

‘दुखणार नाही’, ‘धावावं लागणार नाही’ अशी वाक्यं टाळा. ऐकताना दुखणं आणि धावणं हेच आधी डोळ्यांसमोर येतं. भविष्यकाळापेक्षा वर्तमानकाळ बरा. ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ज्याच्या त्याच्या कानावर आहे, पण एकच काहीतरी धरा. बासरी आणि तानपुरा नको. मन सुरांच्या मागे जातं.

आता बिघडतं कुठे ते. सर्वांत जास्त बिघडतं झोपेमुळे. गादीवर आडवं होऊन रात्री अकराला लावलं तर झोप छान लागते, सूचनांचा उपयोग मात्र होत नाही. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पाय जमिनीला, जेवणानंतर निदान दीड तासाने, फोन फ्लाइट मोडवर. दुसरं, ‘लागलं का, लागलं का’ ही चाचपणी. संमोहनात बेशुद्धी येत नाही. कुकरची शिट्टी ऐकू येते, हवं तेव्हा उठताही येतं. डोळे मिटूनही सगळं कळतंय म्हणून पहिल्या आठवड्यात सोडून देणारे बरेच. तिसरं, दर चार दिवसांनी मुद्रण बदलणं. चौथं, पाचवा भाग अर्धवट टाकून दाराची बेल वाजली म्हणून ताडकन उठणं. मग तासभर डोकं जड राहतं. पाचवं, बरं वाटतंय म्हणून इसबगोल किंवा डॉक्टरांची गोळी मनाने बंद करणं. गाडी चालवताना हे लावू नये, हे तरी लिहायला लागू नये.

कधी कधी शांत झाल्यावर रडू येतं किंवा छातीत धडधडतं. डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. पुन्हा तसंच झालं तर एकट्याने करणं थांबवा. भास होणारे मानसिक आजार, तीव्र नैराश्य किंवा जुना मानसिक आघात असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

सगळ्यांना सारखं लागत नाही, हेही खरं. स्टॅनफर्डमध्ये वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ पासून, संमोहन कुणाला किती लागतं हे मोजणाऱ्या मोजपट्ट्या बनवल्या, बारा-बारा सूचनांच्या. साधारण दहा-पंधरा टक्के लोक फार ग्रहणशील, तितकेच जवळजवळ अजिबात नाहीत, बाकी मधले. एका मोजपट्टीत डास गुणगुणतोय अशी सूचना आहे. आपल्याकडे ती द्यायची तर आधी खोलीत खरा डास नाही याची खात्री करावी लागेल. पंचवीस वर्षांनी पुन्हा मोजलं तरी माणसाचा क्रमांक फारसा हलत नाही. मधल्यांना पोटासाठी मात्र चांगला उपयोग होतो, म्हणून पहिल्या प्रयत्नावरून स्वतःला ‘न लागणाऱ्यांत’ टाकू नये.

गुण मोजायचा तर आयबीएसचा ५०० गुणांचा तक्ता वापरा. पाच प्रश्न, प्रत्येकी १००: वेदना किती, दहापैकी किती दिवस दुखलं, पोटफुगी किती, शौचाबद्दल असमाधान किती, रोजच्या जगण्यात अडथळा किती. १७५ पर्यंत सौम्य, ३०० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. ५० गुणांची घट म्हणजे खरा फरक. दर दोन आठवड्यांनी भरा, रोज नको. रोज मोजलं की पोटावरचं लक्ष वाढतं आणि त्रासही. फरक तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आधी शोधू नये. आधी बदलते ती भीती: गाडीत बसताना संडास कुठे आहे हा प्रश्न मागे पडतो. मग वेदना. पोटफुगी सर्वांत हट्टी. बारा आठवड्यांत ५० गुणही उतरले नाहीत तर हा उपाय आपला नाही असं समजून डॉक्टरांशी पुढचं बोलावं.

इतर मुद्रणांबद्दल थोडक्यात. सिगारेट सोडण्यासाठी संमोहन इतर उपायांपेक्षा सरस ठरतं असा पुरेसा पुरावा २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याला (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) मिळाला नाही. ‘एका बैठकीत व्यसनमुक्ती’च्या जाहिरातीला पैसे देऊ नका. वजनासाठी आहार आणि सवयींच्या उपचाराला जोड म्हणून थोडं चालेल, एकटं नाही. आत्मविश्वासाची मुद्रणं इतकी ढोबळ की कुठली सवय बदलायची हेच त्यात नसतं. सुई किंवा दाताच्या खुर्चीची भीती अशी नेमकी गोष्ट असेल तर मात्र करून पाहण्यासारखं आहे.

पूर्वजन्मात नेणाऱ्यांपासून लांब राहा. संमोहनात आठवलेलं जास्त खरं नसतं, फक्त जास्त खात्रीचं वाटतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. तज्ज्ञ निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा; डॉक्टर असतील तर वैद्यकीय परिषदेचा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर त्याने भागत नाही. आयबीएसचे रुग्ण पूर्वी पाहिलेत का, सत्राचं मुद्रण घरी देता का, आणि किती सत्रांनंतर थांबून आढावा घेता, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. सात ते बारा सत्रं हा नेहमीचा पल्ला. वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे जाऊ नका.

त्रास उतरल्यावर आठवड्यातून दोनदा ऐकणं पुरतं. परीक्षा, लग्नसराई, लांबचा प्रवास अशा वेळी पोट पुन्हा कुरकुर करतं. तेव्हा तेच जुनं मुद्रण दोन आठवडे परत रोज लावावं, नवं विकत घेऊ नये.